फिरवलेली किल्ली

दारू पिऊन गाडी चालवल्याच्या आरोपातून काकांना सोडवता सोडवता वकिलाच्या नाकी नऊ आले होते.

"गाडी इमारतीखालून हललीच नाही, हे आपल्या पथ्यावर पडलंय. पण वर स्वतःचं घर असताना, घरात टोकणारं कुणी नसताना तुम्ही स्टिअरिंगसमोर बसून प्यायलात, वर किल्लीही फिरवलेली! कुठे जायचं नव्हतं, तर किल्ली कशाला फिरवलीत? एसी लावला म्हणा, फोन चार्ज केला म्हणा. काहीतरी बोला!"

काका टेबलाची कड नखाने खरवडू लागले.

"किल्ली फिरवली की गाडीत तो बाईचा आवाज येतो. 'पट्टा लावा' म्हणते. दर मिनिटाला म्हणते."

"मग लावायचा की पट्टा!"

"लावला की गप्प होते हो ती."