रिकामा तास

गुंतागुंतीचे आजार असलेल्या मुलांच्या आईवडिलांची किती दमछाक होते, यावर डॉ. वीबे होक्स्ट्रा चार वर्षे संशोधन करीत होते. ख्रोनिंगेन शहरातल्या यांतीनबाई या अशाच एका आईच्या भेटीसाठी त्यांनी बाईंच्या रोजनिशीतला एकमेव कोरा तास, मंगळवारी दोन ते तीन, मोठ्या विचाराने निवडला. बाईंना आपला उपद्रव होऊ नये, हा त्यांचा कटाक्ष. कॉफी आली, प्रश्नावली उघडली, आणि पहिल्याच प्रश्नावर बाईंना बसल्याबसल्या झोप लागली.

चाकांच्या खुर्चीतली नऊ वर्षांची फेन्ना नाकातली नळी सावरत म्हणाली, "काका, हळू बोला. ही आईची झोपायची वेळ आहे."

"मग रोजनिशीत तसं लिहायचं ना, बाळ."

"झोप कुणी वहीत लिहितं का? जागा रिकामी दिसली की तुमच्यासारखे सगळे तीच मागतात. तुम्ही यंदाचे सहावे."

होक्स्ट्रांना मनापासून लाज वाटली. 'दमछाकीची कारणे' या प्रश्नाखाली त्यांनी बावीस पर्याय दिले होते. त्यांत संशोधक नव्हता. सुवाच्य अक्षरात त्यांनी तेविसावा पर्याय लिहिला, दबक्या पावलांनी ते दारापर्यंत गेले आणि फेन्नाला कुजबुजत विचारले, "उरलेल्या प्रश्नांसाठी पुढचा मंगळवार रिकामा आहे का गं?"