तळ्याची सफाई

डायपर. तेही वापरलेलं, फुगलेलं, आणि नेमकं बगळ्यांच्या घरट्यांखाली. रखवालदाराने ते काठीने उचललं आणि हात लांब करून धरलं.

"शी! माणसं आहेत का कोण आहेत?"

"माणसं तर तुम्हीच आत सोडता," मागून साहेब म्हणाले. "पाच रविवार हेच चाललंय. सफाई मंडळाच्या ताई येतात, ढीगभर घाण काढतात, पेपरात फोटो येतो, आणि वरून बोलणी मला. संरक्षित तळं आहे हे! पुढच्या रविवारी एवढासा कागद जरी सापडला, तर खोली रिकामी करायची. दुसरा माणूस बघतो मी."

फाटकाजवळच्या त्या खोलीत त्याचा सगळा संसार होता. मुलगी तिथूनच शाळेत जायची.

रखवालदार इरेला पेटला. आठवडाभर फाटकावर प्रत्येकाची पिशवी उघडून बघू लागला. वेफर्सचं पाकीट दिसलं की काढून ठेव, बाटली दिसली की काढून ठेव. "विमानतळ समजलास काय रे?" म्हणून एका आजोबांनी झापलं. एका बाईने नाक शिंकरून कागद झुडपात टाकला. त्याने तो तिच्यादेखत उचलला आणि तिच्याच पर्समध्ये घातला. केवढा तमाशा झाला!

शनिवारी त्याने पायवाट बंदच ठेवली. नवराबायको दोघं वाकून वाकून तळ्याला पूर्ण वळसा घालून आले. संत्र्याची सालसुद्धा सोडली नाही.

"आता इथं जेवायला बसलं तरी चालेल," बायको कंबर धरत म्हणाली. "पण आधी हात धू. सातदा. मगच मला शिव."

रविवारी उजाडताच फाटक उघडलं, ते फक्त मंडळासाठी.

"काय काका, झोप झाली का?" ताई नेहमीसारख्या हसल्या. आठ जण, पाठीवर मोठाल्या सॅका, हातात हातमोजे. यांना काय तपासायचं? उलट एका थकलेल्या बाईंची सॅक त्याने स्वतः खांद्यावर घेऊन लाकडी पुलापर्यंत पोहोचवली. आज काही सापडणारच नव्हतं. त्याला चक्क शीळ घालावीशी वाटली.

अर्ध्या तासात आरडाओरडा झाला. लव्हाळ्यांत ढीग होता. आंबलेला भात, माशांची डोकी, केसांचे गुंतवळ, आणि वर कसलंतरी हिरवट पाणी. पेपरचा कॅमेरेवाला नाक दाबून फोटो काढत होता.

साहेबांनी रुमाल तोंडाला लावला. "रात्री कुणाला सोडलंत आत?"

"आईशप्पथ साहेब, कुणालाच नाही."

"मग बगळे जेवले काय भात?"

रखवालदाराने किल्ल्या साहेबांच्या हातात दिल्या. साहेबांचा त्याला राग आला नाही. किळस आली ती स्वतःची. एवढी घाण आपल्या नाकाखालून आत गेलीच कशी?

दुपारी तो खाट बाहेर काढून भिंतीआड दम खात बसला. भिंतीपलीकडे ताईंची गाडी निघायच्या बेतात होती. रिकाम्या सॅका डिकीत पडत होत्या.

"यंदाचं स्वच्छतेचं बक्षीस आपल्यालाच, नक्की!" ताई सगळ्यांना म्हणाल्या. "फक्त पुढच्या वेळी घरून ओला कचरा नका आणू कुणी. सॅकचा वासच जात नाही."