सोनाबाईचा मिथुन

"आज मासळी नको," अविनाश म्हणाला. "तुमच्या मुलाशी जरा बोलायचं होतं."

सोनाबाईचा कोयता सुरमईवर तसाच थांबला. पनवेलच्या मासळी बाजारात ती लग्न झाल्यापासून बसत होती. करंजा बंदरावरून माल यायचा आणि दुपारपर्यंत तिची पाटी रिकामी व्हायची. अविनाश तिचं रविवारचं गिऱ्हाईक. सुरमईच्या तुकड्यांबरोबर तिच्या मुलाचं कौतुकही तो दर आठवड्याला ऐकून घ्यायचा.

"माजा मिथुन त्या ऑनलाइनवर हाय," खवलं काढता काढता ती सगळ्यांना सांगायची. "बाकीची पोरं लाजतात. माजा नाय लाजला. पयल्यापासून हाय. एलिशेवा मॅडम म्हंतात, तुज्यासारकी पोरं पायजेत. गुरुवारी तो मोबाइल घेऊन बसला ना, की मी टीवी बंद करते."

मिथुनच्या कॉलेजनं आदल्या वर्षी, २०१६ साली, मुलांसाठी ही सेवा सुरू केली होती. मन थाऱ्यावर नसलं की मोबाइलवरून लिहायचं, समुपदेशक एलिशेवा मॅडम उत्तर द्यायच्या. नाव सांगायची सक्ती नव्हती. आजवर अविनाश यावर नुसता "वा, वा" म्हणून पिशवी उचलायचा.

आज त्यानं इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला.

"आमची प्रांजल त्याच कॉलेजात आहे. निकाल लागल्यापासून खोलीतून बाहेर येत नाही. कोणाशी बोलत नाही. लोकांना आम्ही कावीळ झाली म्हणून सांगितलंय. तुम्हीही कुठे—"

"मी कशाला बोलू, सायेब?" सोनाबाई म्हणाली. "संध्याकाली धाडते त्याला."

संध्याकाळी मिथुन अविनाशच्या घरी आला. सडपातळ, तिसऱ्या वर्षाला असलेला मुलगा. अविनाशच्या बायकोनं, शोभानं, त्याच्यासमोर पोहे ठेवले. लेकीबद्दल काय सांगावं आणि काय नको, हे तिला कळेना.

"डॉक्टरकडे नेऊ म्हटलं तर हे नको म्हणतात," ती म्हणाली. "उद्या मुलीच्या लग्नात कोणीतरी काढेल म्हणे."

अविनाशनं मान दुसरीकडे वळवली.

"काकू, खोली कुठली?" मिथुननं विचारलं.

तो बंद दाराबाहेर फरशीवरच बसला. दार वाजवलं नाही. अविनाश आणि शोभा स्वयंपाकघरात कान देऊन उभे राहिले.

"प्रांजल, मी मिथुन. दार उघडू नकोस. नुसतं ऐक."

त्यानं मोबाइल फरशीवर ठेवला.

"तुला वाटत असेल, काय लिहायचं? काही सुचत नाही. पहिल्या दिवशी नुसतं एक टिंब पाठवलं तरी चालतं. मॅडमना कळतं, पलीकडे कोणीतरी आहे. त्या थांबतात. घाई करत नाहीत."

मग आतून बारीक आवाज आला.

"तुला काय माहीत?"

मिथुन दाराला टेकला. पुढचं तो इतक्या हळू बोलला, की स्वयंपाकघरात एक शब्द पोचला नाही. शोभा पुढे व्हायला निघाली तर अविनाशनं तिचा हात धरला. कुजबुज चालू राहिली. मध्येच मिथुन हसला. मग थांबला, नाक ओढलं, पुन्हा बोलू लागला.

कडी निघाली.

प्रांजल दारात उभी होती. केस विस्कटलेले, डोळे सुजलेले. ती मिथुनकडे पाहत होती, जसं कोणी ओळखीचं माणूस अचानक भेटल्यावर पाहतं तसं.

"आई," ती म्हणाली, "पोहे आहेत का अजून?"

शोभा पदर तोंडाला लावून ओट्याकडे पळाली.

त्यानंतर प्रांजल एलिशेवा मॅडमशी बोलू लागली. सुरुवातीला मोबाइलवरून, पुढे कॉलेजात प्रत्यक्ष भेटून. मॅडमनी सुचवलं तेव्हा डॉक्टरांचं औषधही सुरू केलं. काही दिवस चांगले जात, काही पुन्हा अंथरुणात. अविनाश ते दिवस बघायला शिकला. लग्नाचं कोणी काही काढलं नाही. निदान त्यानं तरी पुन्हा काढलं नाही.

परीक्षेला प्रांजल एकटी गेली. "बाबा, सोडायला येऊ नका," असं म्हणून गेली आणि सगळे पेपर देऊन आली. राहिलेले विषय सुटले, त्या दिवशी अविनाशनं पेढे घेतले आणि पहिला बॉक्स तो थेट मासळी बाजारात घेऊन आला.

रविवार होता. सोनाबाईपुढे गिऱ्हाइकांची गर्दी होती. ओळखीचे, सोसायटीतले लोकही होते. या वेळी त्यानं आवाज खाली आणला नाही.

"माझी मुलगी पास झाली," तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "कावीळबिवीळ काही नव्हती तिला. खचली होती पोर. जगायची इच्छा उरली नव्हती. या बाईंच्या मिथुननं तिला बाहेर काढलं."

आजूबाजूचे लोक थबकले. कोळणीही वळून पाहू लागल्या. सोनाबाईनं ओले हात लुगड्याला पुसून पेढा घेतला. तिच्या चेहऱ्यावर आनंद मावत नव्हता.

"सोनाबाई, एवढ्याशा वयात किती मुलांना बरं केलं असेल त्यानं!" अविनाशनं बॉक्स पुन्हा तिच्यापुढे धरला. "त्या सेवेतला सगळ्यात हुशार डॉक्टर असेल तुमचा मुलगा."

"डाक्टर?" सोनाबाई खळखळून हसली आणि मान ताठ करून भर बाजारात म्हणाली, "डाक्टर कुठला, सायेब? अवो, तो पेशंट हाय तिथला. आख्ख्या कालेजात पयला!"