चिंचेतली कडी

झाडं मोजायला आलेल्या बाईंनी बाजारातल्या चिंचेच्या बुंध्याला टेप गुंडाळली आणि वर बघत विचारलं, "एवढ्या उंचावर लोखंडी कडी कोणी ठोकली?"

चहावाला जालिंदर हसला. "आमच्या हौसाआत्याच्या वडलांनी. नावाडी होते. मोठ्या पुरात नावेत उभं राहून ठोकली, म्हणायचे. पाणी असेल गुडघाभर. पुढं झाड वाढलं, तशी कडी वर गेली."

गावात कुणी खोटं बोललं, की अजूनही 'नावाड्याची थाप' म्हणतात. चिंचेखाली फुलं विकणारी हौसाआत्या ते ऐकतच म्हातारी झाली होती. आताही तिनं गजरा ओवणं थांबवलं नाही.

"झाड शेंड्याकडून वाढतं," बाई म्हणाल्या. "बुंधा नुसता जाड होतो. कडी ठोकली तिथंच राहते."

जालिंदरनं किटली खाली ठेवली. कडी त्याच्या दुकानाच्या पत्र्याच्या वर होती. मारुतीच्या देवळाच्याही वर होती. वाऱ्यानं पाला हलला आणि हिरवट उजेड लाटेसारखा सगळ्या बाजारावरून सरकत गेला. भाजीचे ढीग, तराजू, माणसं, सगळं तळाशी बसल्यासारखं शांत झालं.

"आत्या," जालिंदरनं हळूच विचारलं, "तू होतीस नावेत?"

हे तिला आजवर कुणी विचारलं नव्हतं.

"बाबांच्या कडेवर होते," ती म्हणाली. "वाकून देवळाच्या कळसाला हात लावला होता मी. गार होता."