तोल

शरयूबाईंनी तीस वर्षं शाळेत मराठी शिकवलं होतं. पक्षाघात झाला आणि त्यांची वाचाच गेली. तीन महिन्यांत तोंडून एक शब्द फुटला नव्हता.

आज व्यायामाच्या खोलीत त्या लोखंडी दांडी धरून कशाबशा उभ्या राहिल्या. यजमान वामनराव काळजीने बघत होते.

“आजी, बॅलन्स सांभाळा,” व्यायाम शिकवणारी तेजल म्हणाली. “बॅलन्स, बॅलन्स!”

बाईंच्या कपाळावर आठी पडली. ओठ थरथरले. “तो... तोल म्हण.”

वामनरावांचे डोळे भरून आले. तेजलला आनंद लपवता येईना, पण तिने पटकन विचारलं, “तोल म्हणजे वजन ना?”

“दोन्ही. संस्कृतात ‘तुला’ म्हणजे... तराजू. त्यातूनच तोल. पारडी सारखी असली, की काटा... सरळ उभा. तसंच माणूस.”

शब्द अडखळत येत होते, पण येत होते. सांगण्याच्या भरात बाईंनी दांडी सोडली, बरा हात उचलून हवेत तराजू धरला आणि तेजलकडे एक पाऊल टाकलं. मग दुसरं.

“अगं, तू चालतेयस!” वामनराव ओरडले.

“मध्ये बोलू नका,” बाई म्हणाल्या. “तास चालू आहे.”