यादीला लागणारे तीन तास

"हात लावायच्या आधी लिहून द्या," संगणकापुढं बसलेली ऑपरेटर सुलतानबी म्हणाली. "बिघडलं तर जबाबदारी तुमची."

व्यंकटीनं लिहून दिलं. संगणक दुरुस्तीसाठी नांदेडहून एसटीनं येता येता त्याचा घसा सुकला होता. बाईनं पाणीसुद्धा विचारलं नाही. त्या उन्हाळ्यात लातूरकडं कुणीच कुणाला विचारत नव्हतं, म्हणून त्यानं मनावर घेतलं नाही.

तहसीलच्या टंचाई कक्षातला संगणक रोज पहाटे पाचला येणारी गावोगावची माहिती वाचून पाण्याच्या टँकरची यादी छापायचा. बारा मिनिटांचं काम. नव्या जिल्ह्याची तयारी म्हणून महिन्यापूर्वी वरून गावांच्या यादीसकट सगळं नवं बसवलं, आणि बाराचे तीन तास झाले. टँकर तर सहाला सुटायचे. म्हणून सुलतानबी हातानं यादी लिहून ड्रायव्हरांना द्यायची.

"तिनंच काहीतरी केलंय," नायब तहसीलदार महादेवप्पा दार लोटून म्हणाले. "हाताच्या यादीत मर्जी चालते. तुम्ही फक्त कागदावर लिहा, तिला आजच घरी बसवतो."

"आधी बघू द्या, साहेब."

बघणं सोपं नव्हतं. सुलतानबीनं पासवर्ड दोनदा चुकीचा सांगितला. दुपारी खोलीला कुलूप घालून ती दीड तास गायब झाली.

"आपा, तुम्हाला हे नीट व्हायला नको हाय का?" व्यंकटीनं विचारलं.

"तुमचं काम करा," ती म्हणाली.

त्याला तिचा राग आला. साहेब म्हणतात तेच खरं असावं, असंही वाटलं. पण सवयीप्रमाणं त्यानं आधी मोजून घेतलं. डिस्क ठणठणीत होती. जुना कर्नल, म्हणजे डिस्कशी बोलणारा प्रणालीचा गाभा, चालू केला की यादी बारा मिनिटांत. नवा लावला की तीन तास. जुन्यावर राहायला वरून मनाई होती, तेव्हा दोष शोधणं भाग होतं.

दोन्हींच्या मधे गाभ्याच्या सोळा आवृत्त्या होत्या. त्यानं मधली लावून बघितली, मग उरलेल्या अर्ध्यातली मधली. दर वेळी मेमरी रिकामी करायची, नाहीतर आधी वाचलेलं तिथंच सापडतं आणि वेळेचा आकडा फसवतो. महादेवप्पा तासातासाला येऊन टोचून जायचे. "नांदेडला कामं न्हाईत वाटतं."

तिसऱ्या दिवशी दुपारी चोर सापडला. जुना गाभा माहितीचं एक पान मागितलं की पुढची तीस पानं आधीच वाचून ठेवायचा. नव्याला इथला डिस्क हाताळणारा जुना कंट्रोलर ओळखता येत नव्हता. त्यानं पुढचं वाचणं शून्यावर आणलं होतं. एकेका पानासाठी डिस्क फेऱ्या मारत होती. व्यंकटीनं तो एक आकडा परत बसवला. यादी अकरा मिनिटांत बाहेर आली.

त्यानं अहवालात ठळक लिहिलं, दोष प्रणालीचा, ऑपरेटरचा काही संबंध नाही. महादेवप्पांनी तोंड वाकडं करून सही केली.

त्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे सव्वापाचला छापील यादी ड्रायव्हरांच्या हातात होती. सहाला अंगण रिकामं झालं. सुलतानबी टेबलामागं तशीच बसून होती. व्यंकटी पिशवी खांद्याला लावून तिच्यासमोर उभा राहिला. निदान एक शब्द तरी ती बोलेल असं त्याला वाटलं होतं.

"तुमची नोकरी वाचली, आपा. अहवालात लिहिलंय मी."

"वाचला मी अहवाल."

"मग तीन दिवस माझ्यावर एवढा राग कशाचा?"

सुलतानबीनं पहिल्यांदा त्याच्याकडं नीट बघितलं. आवाज चढवला नाही.

"सतरा गावं नव्या जिल्ह्यात जानार म्हनून तुमच्या नव्या यादीतून काढून टाकलीत, साहेब. नवा जिल्हा अजून झालाच न्हाई. तीनदा अर्ज दिला, कुनी वाचला न्हाई. यंत्राला उशीर व्हायचा म्हनून मी महिनाभर त्यांचं पानी हातानं लिहीत होते."