औक्षणाचं ताट

नवऱ्यानं टाकलेल्या आणि नवरा गेलेल्या बायांचा मेळावा दिंद्रुडच्या बाजारतळावर भरला होता. पुढारी भगवानराव त्यांना शिलाई मशिनी वाटायला येणार होते. दोन लेकरं घेऊन वेगळी राहणाऱ्या सुनितानं हौसेनं औक्षणाचं ताट सजवलं आणि साहेबांची गाडी दिसताच ते घेऊन पुढं झाली.

कार्यकर्ता अंगद आडवा आला. "वैनी, तुमी नका. ववाळायला सवाष्ण लागती."

"कावून? माझा नवरा जित्ता हाय की!"

"हाय, पण तुमाला नांदवत न्हाई ना."

मांडव बायांनी गच्च भरलेला, पण त्यात सवाष्ण काही सापडेना. साहेब गाडीतच बसून राहिले. शेवटी अंगदनं गावात मोटारसायकल पिटाळली, समोर दिसली ती सवाष्ण मागं बसवून आणली आणि सुनिताच्या हातातलं ताट काढून तिच्या हातात दिलं. सुनिताकडं न बघताच ती पुढं झाली.

साहेबांना ओवाळताना तिच्या गळ्यात नवंकोरं मंगळसूत्र लखलखत होतं. सुनिताच्याच नवऱ्यानं बांधलेलं.